स्पर्शनिवेश, वेबखेळांतील

मोबाइल फोन, टॅबलेट किंवा तत्सम यंत्राच्या पडद्यावर बोट टेकविले असता त्या स्पर्शाचे स्थान, काल व गती यांची नोंद यंत्राच्या आज्ञावलीकडे पोहोचविण्याच्या पद्धतीस स्पर्शनिवेश म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळांना वेबखेळ आणि असे खेळ रचण्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संचाला वेब गेम एंजिन अशी नावे आहेत. चित्र काढणे, ध्वनी वाजविणे, वस्तूंच्या टकरी ओळखणे आणि खेळाडूच्या हालचाली स्वीकारणे ही एंजिनाची मुख्य कामे होत. यांपैकी शेवटचे काम दिसण्यात सर्वांत साधे असले, तरी त्याचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. पडदा तयार करणारे भौतिकीविज्ञ, फोन विकणाऱ्या कंपन्या, ब्राउझरांची प्रमाणके ठरविणारी मंडळे आणि खेळ लिहिणारे लहानमोठे कारागीर या सर्वांचा त्यात वाटा आहे. जळगाव, धुळे यांसारख्या जिल्ह्यांतील बहुसंख्य घरांत संगणकाच्या आधी स्पर्शपटलाचा फोन आला. त्यामुळे एखादा खेळ किंवा खेळातून शिकविणारा पाठ तेथील मुलाच्या हातात नीट चालतो की नाही, हे बव्हंशी या इतिहासातील निर्णयांवर अवलंबून राहिले आहे.

पूर्वपीठिका : बोटाच्या स्पर्शाने यंत्र चालविण्याची कल्पना ग्रेट ब्रिटनमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. विमानवाहतुकीच्या नियंत्रकांना कळफलकावर लांबलचक खुणा टंकित कराव्या लागू नयेत, हा तिचा हेतू होता. ऋण किरण नलिकेच्या काचेवर बसविलेल्या संवाहक तारांजवळ बोट आले की, तेथील विद्युत् धारणा बदलते व तो बदल मोजता येतो, हे तिचे तत्त्व. जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत बेंट स्टुंप यांनी १९७२ मध्ये याच तत्त्वावर पारदर्शक स्पर्शपटल सुचविले आणि तेथील सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धकाच्या नियंत्रण कक्षात ते वापरात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणप्रणालीत पडद्याच्या कडांवरून अवरक्त किरणांची आडवी-उभी जाळी सोडण्यात आली. जाळीत १६ × १६ स्थाने होती व बोटाने किरण अडले की उत्तराचे स्थान कळे. स्पर्श, शिक्षण व खेळ यांची सांगड प्रथम याच प्रणालीत पडली, असे म्हणता येईल.

यानंतर दाबाने एकमेकांना टेकणाऱ्या दोन संवाहक थरांचे, म्हणजे रोधतत्त्वावरील, पटल प्रचारात आले. ते स्वस्त असून नख, लेखणी किंवा हातमोजा यांपैकी कशानेही चालत असे. परंतु एका वेळी एकच स्पर्श त्याला नीट ओळखता येई. निन्टेंडो कंपनीच्या २००४ मधील डीएस या हातातल्या खेळयंत्राचा खालचा पडदा याच प्रकारचा होता. एकाहून अधिक बोटे ओळखणाऱ्या, म्हणजे बहुस्पर्शी, पटलाचा आरंभीचा एक महत्त्वाचा प्रयोग कॅनडातील टोरँटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये केला. त्यांनी धुरकट काचेच्या मागे कॅमेरा ठेवून बोटांच्या सावल्या टिपल्या. हे सर्व प्रयोग पुष्कळ वर्षे प्रयोगशाळांपुरतेच राहिले. ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झालेल्या व त्याच वर्षी २९ जूनला विक्रीस आलेल्या ॲपल कंपनीच्या आयफोनने धारणातत्त्वावरील बहुस्पर्शी पटल सर्वसामान्यांच्या खिशात आणले.

ब्राउझर आणि स्पर्शघटना : ब्राउझरची मूळ रचना माउससाठी झाली होती. माउसला एकच टोक असते, ते सदैव पडद्यावर कोठे तरी असते आणि कळ न दाबताही हलते. बोटाचे तसे नसते. ते टेकण्यापूर्वी यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते, उचलल्यावर नाहीसे होते आणि त्याच्या सोबतीला आणखी नऊ बोटे असू शकतात. सुरुवातीच्या आयफोनवरील सफारी ब्राउझरने स्पर्शाचे माउसच्या टिचकीत रूपांतर करून वेळ भागविली. तेवढ्याने दुवे उघडता येत, परंतु खेळ खेळता येत नसत. जुलै २००८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ॲपलने वेबपृष्ठांसाठी चार स्वतंत्र घटना उपलब्ध केल्या. बोट टेकणे म्हणजे टचस्टार्ट, सरकणे म्हणजे टचमूव्ह, उचलणे म्हणजे टचएंड आणि स्पर्श मध्येच रद्द होणे म्हणजे टचकॅन्सल. प्रत्येक बोटाला एक ओळखक्रमांक मिळतो आणि प्रत्येक घटनेसोबत स्पर्शांच्या तीन याद्या येतात : पडद्यावरील सर्व स्पर्श, त्याच घटकावर सुरू झालेले स्पर्श आणि या क्षणी बदललेले स्पर्श. अँड्रॉइड प्रणालीवरील ब्राउझरांनीही पुढे हीच रचना उचलली.

याच सुमारास वेबखेळांचा पायाही बदलत होता. तोपर्यंत बहुतेक वेबखेळ फ्लॅश या जोड-आज्ञावलीवर चालत. आयफोनवर फ्लॅशला प्रवेश नव्हता आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणे मांडली. स्पर्शाऐवजी माउससाठी झालेली फ्लॅशची रचना हे त्यांपैकी एक कारण होते. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबी कंपनीने मोबाइल ब्राउझरांसाठी फ्लॅशचा विकास थांबविला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा सर्वत्रच संपला. त्याची जागा कॅनव्हास हा चित्रफलक व मार्च २०११ मध्ये प्रमाणित झालेली वेबजीएल ही त्रिमितीय आलेखनपद्धती यांनी घेतली. त्यांवर इम्पॅक्ट (२०१०), कन्स्ट्रक्ट-२ (२०११), फेझर (२०१३) इ. एंजिने उभी राहिली.

तीनशे मिलिसेकंदांचा विलंब : आयफोनच्या पहिल्या काळात बहुतेक वेबपृष्ठे मोठ्या पडद्यासाठी केलेली असत. ती फोनवर बारीक दिसत आणि दोनदा टिचकी मारली की मोठी होत. पहिल्या टिचकीनंतर दुसरी येणार आहे की नाही हे समजण्यासाठी ब्राउझर सु. ३०० मिलिसेकंद थांबे व मगच टिचकीची घटना पाठवी. वाचनात हा विलंब जाणवत नाही. खेळात मात्र तो घातक ठरतो. सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या खेळात तेवढ्या वेळात १८ चित्रे निघून जातात आणि सेकंदाला ६०० बिंदू वेगाने जाणारी वस्तू १८० बिंदू पुढे गेलेली असते. फिनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या तंत्रविभागाने तयार केलेली फास्टक्लिक ही छोटी आज्ञावली हा विलंब चुकविण्यासाठी अनेक वर्षे वापरली गेली. जानेवारी २०१४ मध्ये क्रोमच्या ३२ व्या आवृत्तीने, फोनच्या रुंदीनुसार मांडलेल्या पृष्ठांपुरता, हा विलंब काढून टाकला; आयफोनवर तशी सोय मार्च २०१६ मधील ९.३ या आवृत्तीत झाली.

प्रमाणकांचा वाद : एका कंपनीने सुरू केलेली पद्धत सर्वांची व्हायची, तर तिचे खुले प्रमाणक व्हावे लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मंडळाने स्पर्शघटनांचा मसुदा हाती घेतला, तेव्हा ॲपलने त्यास लागू पडू शकतील अशी आपली पेटंटे असल्याचे कळविले. ती विनामूल्य वापरास खुली करण्याचे आश्वासन न मिळाल्याने तपासणीसाठी खास गट नेमावा लागला. अखेर १० ऑक्टोबर २०१३ रोजी स्पर्शघटनांना शिफारशीचा दर्जा मिळाला. दरम्यान २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळी पद्धत मंडळापुढे ठेवली. माउस, लेखणी व बोट या तिन्हींना ‘निर्देशक’ या एकाच नावाखाली आणून त्यांच्यासाठी एकाच प्रकारच्या घटना असाव्यात, असे तिचे सूत्र होते. या निर्देशक घटनांना २४ फेब्रुवारी २०१५ रोजी शिफारशीचा दर्जा मिळाला. तथापि प्रमाणक झाले म्हणजे ते अंमलात आले असे होत नाही. क्रोमच्या विकासकांनी ऑगस्ट २०१४ मध्ये ही पद्धत न स्वीकारण्याचे ठरविले होते. टीका झाल्यावर मार्च २०१५ मध्ये त्यांनी तो निर्णय फिरविला. क्रोममध्ये ती २०१६ च्या अखेरीस, फायरफॉक्समध्ये मार्च २०१८ मध्ये व सफारीत सप्टेंबर २०१९ मध्ये आली. म्हणजे प्रस्तावापासून सर्व प्रमुख ब्राउझरांपर्यंत पोहोचण्यास सात वर्षे लागली. या काळात खेळ लिहिणाऱ्याला माउस, स्पर्श व निर्देशक अशा तिन्ही पद्धतींसाठी वेगवेगळी आज्ञावली ठेवावी लागे. मोठ्या कंपनीला हा भार जाणवत नाही. एकट्याने खेळ लिहिणाऱ्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला तो न पेलणारा असतो. तयार एंजिनांचा प्रसार होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

एंजिनातील हाताळणी : स्पर्श खेळापर्यंत पोहोचताना एंजिन पुढील टप्प्यांवर काम करते.

पहिला टप्पा स्थानांतराचा. ब्राउझर स्पर्शाचे स्थान पृष्ठाच्या मापात सांगतो. खेळाचे माप वेगळे असते. उदा., ९६० × ५४० बिंदूंचा खेळ पडद्यावर ४८० × २७० एवढा दिसत असेल व त्याची डावी कड पृष्ठाच्या कडेपासून ४० अंतरावर असेल, तर १६० या स्थानावरील स्पर्श खेळाच्या दृष्टीने (१६० − ४०) × २ = २४० येथे झाला असे धरावे लागते. फोन आडवा-उभा केला की हे गुणक पुन्हा काढावे लागतात. ते न काढल्यास बटण एकीकडे दिसते व दुसरीकडे दाबले जाते.

दुसरा टप्पा कालाचा. घटना केव्हाही येतात. खेळ मात्र चित्रागणिक, म्हणजे सु. १६.७ मिलिसेकंदांनी, पुढे सरकतो. चित्र काढण्याच्या वेळी ‘बोट टेकलेले आहे काय’ एवढेच विचारले, तर दोन चित्रांच्या दरम्यान टेकून उचललेले बोट सुटून जाते. संथ फोनवर चित्रांमधील अंतर वाढते आणि असे स्पर्श अधिक सुटतात. म्हणून चांगले एंजिन आलेल्या घटना क्रमाने रांगेत ठेवते आणि प्रत्येक चित्राच्या आरंभी ती रांग रिकामी करते.

तिसरा टप्पा बोटांच्या ओळखीचा. एका अंगठ्याने दिशा व दुसऱ्याने उडी, अशा खेळात कोणते बोट कोणते हे विसरून चालत नाही. ओळखक्रमांक काही ब्राउझरांत शून्यापासून सुरू होतात, तर सफारीत ते मोठे व बदलते असतात. म्हणून क्रमांकालाच यादीतील जागा समजणे चुकीचे ठरते. फेझर एंजिनाच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीत मुळात माउस व एकच बोट धरलेले असते. दुसरे बोट हवे असल्यास तसे सांगावे लागते. हे न सांगितल्याने दुसरा अंगठा ‘चालत नाही’, अशी नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते.

चौथा टप्पा ब्राउझरच्या स्वतःच्या सवयी आवरण्याचा. बोट सरकले की पृष्ठ सरकविणे व दोन बोटे फाकली की ते मोठे करणे, हा ब्राउझरचा स्वभाव आहे. जुने खेळ घटनेचा मूळ परिणाम रोखून तो आवरीत. परंतु पृष्ठाने घटना तपासून परवानगी देईपर्यंत सरकणे अडून राहते, या कारणास्तव क्रोमच्या २०१७ च्या आरंभी आलेल्या ५६ व्या आवृत्तीने संपूर्ण पृष्ठावर लावलेल्या स्पर्शश्रोत्यांना असे रोखण्याचा अधिकार आपोआप नाकारला. वाचकांचा त्यात लाभ झाला. पण कोणी दुरुस्त न केलेले अनेक जुने खेळ खेळताना पृष्ठासह घसरू लागले. चित्रफलकावर शैलीच्या नियमानेच ‘येथे स्पर्शाचा अर्थ खेळ लावील’ असे घोषित करणे, हा त्यावरील आजचा योग्य उपाय होय. स्पर्शानंतर जुन्या पृष्ठांच्या सोयीसाठी ब्राउझर माउसच्या बनावट घटनाही पाठवितो. त्या न गाळल्यास एका स्पर्शाने दोनदा गोळी सुटते.

पाचवा टप्पा स्पर्श रद्द होण्याचा. खेळ चालू असता फोन वाजला किंवा प्रणालीने पडदा ताब्यात घेतला, तर बोट उचलल्याची घटना येत नाही. रद्द झाल्याची येते. ती दुर्लक्षिल्यास परत आल्यावर खेळातील पात्र कोणी न दाबताही धावत राहते. हा दोष परीक्षणात सहसा सापडत नाही, कारण परीक्षकाचा फोन त्या वेळी वाजत नाही. ज्या घरात एकच फोन सर्वांचा असतो तेथे मात्र तो रोज घडतो.

मराठीतील प्रयोग : स्पर्शघटनांच्या क्रमाचा मराठीसाठी झालेला एक उल्लेखनीय वापर खेळातला नसून लेखनातला आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक २०१३ मध्ये उपलब्ध झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट टेकविले की, त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते; बोट हव्या त्या अक्षराकडे सरकवून उचलले की ते अक्षर लिहिले जाते. टेकणे, सरकणे व उचलणे या तीन घटनांवरच ही रचना उभी असून, शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला ती नव्याने शिकावी लागत नाही. खेळांच्या बाबतीत नवी मुंबईतील गेमेशन कंपनीचा लुडो किंग (२०१६) हा सर्वांत परिचित होय. तो मुख्यत्वे ॲप म्हणून पसरला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर खेळला गेला. भारतीय पचिसीवरून इंग्लंडात १८९६ मध्ये पेटंट घेतलेला लुडो अशा रीतीने बोटाच्या टोकावर पुन्हा मायदेशी आला. ज्या खेळात कवड्या टाकण्याची व सोंगट्या हलविण्याची हस्तकला होती, त्यात आता एक टिचकी पुरते. मात्र पाळीपाळीने चालणारा हा खेळ संथ फोनवरही बिघडत नाही, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण म्हणता येईल.

खानदेशातील परिस्थिती : १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतूनच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले व १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले; २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. संगणकाचे औपचारिक शिक्षण येथील महाविद्यालयांतून व २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून पसरले. तरीही घराघरांत महाजाल पोहोचले ते सप्टेंबर २०१६ नंतर, मोबाइलवरील दत्तसेवा एकाएकी स्वस्त झाल्यावर. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून लोकवर्गणीच्या साहाय्याने डिजिटल वर्ग उभे राहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर मात्र वर्गातील पडद्याची जागा घरातील फोनने घेतली आणि पाठ, स्वाध्याय व खेळ एकाच लहान काचेवर आले.

या प्रदेशात स्पर्शनिवेशाच्या काही मर्यादा ठळकपणे दिसतात. धारणातत्त्वावरील पटल बोटाची संवाहकता गृहीत धरते. कापूस वेचून किंवा निंदणी करून राठ व कोरडी झालेली बोटे त्याला क्षीण जाणवतात. उलट घामाने ओले बोट किंवा पडद्यावरील पाण्याचा थेंब नसलेला स्पर्श निर्माण करतो. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या पुढे जाते, तेव्हा घाम व प्रखर ऊन दोन्ही आड येतात. म्हणून बटणे मोठी असणे ही येथे केवळ सौंदर्याची बाब नव्हे. ॲपलने आपल्या मार्गदर्शनात ४४ एकके हे किमान माप सांगितले आहे. ऑक्टोबर २०२३ मधील वेबसुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण पातळीसाठी २४ बिंदूंची किमान अपेक्षा ठेवली आहे. खानदेशी उन्हात पहिले मापच सोयीचे पडते.

दुसरी बाब भाषेची. अहिराणी, लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याची पावरी व भिली या बोलींत वाढलेल्या मुलांना पाठ्यपुस्तकी मराठी शाळेत भेटते. चित्राला बोट लावताच त्याचा उच्चार ऐकू येणे, अक्षरावरून बोट फिरवीत ते गिरविणे, अशा खेळांत वाचनाआधीच शिकण्याची सोय असते. हे काम वेबखेळ चांगले करू शकतात, कारण त्यांना दुकानातून उतरवून घ्यावे लागत नाही, ते जुन्या फोनवरही उघडतात आणि एकदा उघडल्यावर, तशी योजना केली असल्यास, जाळ्याविना चालतात. परंतु अक्षर गिरविताना बोट जरा थांबले म्हणून पृष्ठ घसरले किंवा तळहात टेकल्याने रेघ तुटली, तर दोष यंत्रणेचा असूनही मुलाला तो आपला वाटतो. खेळाडू कंटाळून दुसऱ्या खेळाकडे जातो. शिकणारे मूल ‘मला जमत नाही’ असे समजून थांबते.

मूल्यमापन : स्पर्शनिवेशाचा इतिहास पाहता त्यात दोन प्रवाह दिसतात. एक वेगाचा, पटल, ब्राउझर व एंजिन यांनी मिळून स्पर्श आणि परिणाम यांतील अंतर जवळजवळ जाणवेनासे केले. दुसरा खुलेपणाचा, एका कंपनीच्या फोनसाठी झालेली सोय, पेटंटांचा अडथळा व परस्परविरोधी पद्धती पार करून, अखेर सर्वांना समान असे प्रमाणक ठरले. तथापि बदलाची किंमत बहुधा त्यांनी मोजली, ज्यांना आपला जुना खेळ दुरुस्त करण्यास वेळ किंवा साहाय्य नव्हते. शिक्षकांनी हौसेने केलेले लहान खेळ अशा बदलांत सर्वप्रथम नाहीसे होतात आणि बोलींतील साहित्य मुळातच थोडे असल्याने ती हानी अधिक असते. म्हणून नवे खेळ रचताना निर्देशक घटनांचा वापर करणे, स्पर्श रद्द होण्याची दखल घेणे, स्वस्त फोनवर व कष्टाच्या हातांनी परीक्षण करणे आणि आज्ञावली इतरांना दुरुस्त करता येईल अशी खुली ठेवणे, या गोष्टी तंत्राइतक्याच लोकशिक्षणाच्याही ठरतात.